बुरूड राजाचा कोट

कोणत्याही जुन्या शहराला आपले असे एक गूढ लागते. त्याशिवाय त्याला घराणे आहे असे कोणी मानत नाही. पुण्याच्या शनिवारवाड्यात रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते म्हणतात. दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यात लोक जिनांना अर्ज लिहितात. लंडनच्या टॉवरमध्ये एक राणी स्वतःचे मुंडके काखेत घेऊन हिंडते. आम्हा बोईसरकरांना कोणी विचारले, “तुमच्याकडे गूढ असे काय?” तर आम्ही तारापूरच्या अणुवीज केंद्राकडे बोट दाखवतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांनी पाणी उकळते आणि १९६९ पासून त्यावर वीज तयार होते, ही गोष्ट शेजारच्या आजींना शेवटपर्यंत पटली नाही. आत एखादा वेताळ डांबलेला असावा, असेच त्यांचे मत होते.

पण आमच्या जिल्ह्यातले खरे गूढ शहर याच रुळांवर, विरारच्या पलीकडे पहिले स्टेशन आहे. नालासोपारा! हसू नका. नालासोपारा म्हटले की पाहणाऱ्याला दाराला लोंबकळणारी माणसे दिसतात, आणि तो चेहरा पाडतो. पण हे स्टेशन अडीच हजार वर्षे नकाशावर आहे. त्याचे जुने नाव शूर्पारक. ग्रीकांना ते ‘सुपारा’ म्हणून ठाऊक होते. सॉलोमन राजाचे सोने ज्या ओफीरहून जाई ते हेच बंदर, असेही काही विद्वान म्हणाले. ते काही सिद्ध झाले नाही, पण स्थळ सांगून आले हेही काही कमी नाही.

शहराचा जन्मच मुळी जागेच्या अडचणीतून झाला. परशुरामाने सगळी पृथ्वी कश्यपांना दान दिली आणि मग त्याच्या लक्षात आले, की आता आपल्यालाच राहायला ठिकाण नाही! दान करताना स्वतःपुरत्या दोन खोल्या ठेवाव्यात, हे मध्यमवर्गीय शहाणपण त्याच्यापाशी कुठले? शेवटी समुद्र मागे सरला आणि त्याने शूर्पारक देश करून दिला, असे महाभारत सांगते. म्हणजे समुद्र हटवून जागा काढण्याचा उद्योग आमच्याकडे बिल्डरांच्या फार आधीचा आहे.

जागेचा प्रश्न तिथून पुढेही सुटला नाही. सिंहलांच्या महावंसात विजय नावाच्या राजपुत्राची गोष्ट आहे. सातशे साथीदार घेऊन तो जहाजातून सोपाऱ्याला उतरला. पण साथीदारांनी असा काही धुडगूस घातला, की मंडळींना पुन्हा जहाजात चढावे लागले. तो निघाला तो थेट लंकेला, आणि तिथला राजा झाला. सोपाऱ्याला उतरता आले नाही म्हणून पुढच्या स्टेशनावर राज्य मिळालेला प्रवासी इतिहासात हा एकच.

बौद्ध कथांत इथला पूर्ण नावाचा व्यापारी भिक्षू होतो आणि तापट माणसांच्या मुलखात जायची परवानगी मागतो. बुद्ध विचारतात, “लोकांनी शिव्या दिल्या तर?” पूर्ण म्हणतो, “मारले नाही, म्हणून चांगलेच म्हणेन.” “आणि मारले तर?” “जिवे मारले नाही, म्हणून चांगले म्हणेन.” सकाळी आठ बावीसच्या गाडीला उभे राहणाऱ्या प्रत्येकाने हा संवाद पाठ करावा. पुढे सोपाऱ्यात चंदनाचा विहार बांधला गेला आणि स्वतः बुद्ध शिष्यांसह आकाशमार्गाने आले, असे कथा सांगते. त्यांना रेल्वेचा काळ लागला नाही, हे त्यांचे भाग्य.

पुढे खाडी गाळाने भरली. जहाजे दुसरीकडे गेली. शहराचे खेडे झाले. विहार गेला, भिक्षू गेले, नावाचा अर्थही गेला. राहिले काय? तर एक टेकाड. आणि त्या टेकाडाला गावाने दिलेले नाव : बुरूड राजाचा कोट.

आता बुरूड राजा कोण? कुठल्याही वंशावळीत तो सापडायचा नाही. पण जरा थांबा. शूर्प म्हणजे सूप. सूप कोण विणतो? बुरूड! संस्कृत विसरले, बुद्ध विसरले, पण गावाने हातातले सूप तेवढे सोडले नाही, आणि त्याच्यासाठी एक राजा उभा केला, असे मानायला मला तरी हरकत दिसत नाही. शिकलेला माणूस अशा गोष्टीला हसतो. पण शहराचा पत्ता ताम्रपट नव्हे, तर हीच ‘अडाणी’ गोष्ट सांभाळत बसली होती.

१८८२ च्या एप्रिलात पंडित भगवानलाल इंद्रजी तिथे पोचले. जुनागढचा हा माणूस डॉ. भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झाला होता. लेख गुजरातीत लिहायचा आणि इंग्रजी दुसऱ्याने करायचे, असा त्यांचा रिवाज. तरी युरोपातले पंडित त्यांच्यापुढे वचकून असत. त्यांनी कोट खणवला. राजवाडा निघाला नाही. निघाला विटांचा स्तूप, आणि त्याच्या पोटात एक गोल दगडी पेटी.

गुप्तधनाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या गावकऱ्यांच्या अंगावर त्या वेळी काटा आला नसेल तरच नवल! पेटी उघडली. आत तांब्याची डबी, तिच्याभोवती आठ बुद्धमूर्ती : सात होऊन गेलेले आणि आठवा यायचा आहे तो मैत्रेय. तांब्याच्या आत चांदीची. चांदीच्या आत दगडाची. तिच्या आत स्फटिकाची. स्फटिकाच्या आत सोन्याची. शिवाय सोन्याची नाजूक फुले. आणि त्या शेवटच्या सोन्याच्या डबीत काय? हिरा? माणिक? छे! मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे.

एखादा धनलोभी तिथेच कपाळाला हात लावून बसला असता. भगवानलालांनी मात्र ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून पूजलेले असावेत असे ठरवले. राज्य सोडून निघालेल्या माणसाचे मातीचे भांडे, आणि मागे राहिलेल्यांनी त्याला घातलेली सहा पेट्यांची पांघरुणे! जगातल्या गूढकथांत शेवटी सोने सापडते. आमच्या गूढकथेत सोने वाटेत लागते आणि शेवटी खापर सापडते. यापेक्षा मोठे गूढ मला माहीत नाही. ही सगळी मिळकत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेली.

त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ साली जवळच्या भुईगावला नववा. या नवव्यात सम्राट म्हणतो : आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेचे विधी करतात, करा बापडे, पण त्यांचे फळ थोडे. नोकरचाकरांशी नीट वागा, वडीलधाऱ्यांना मान द्या, जिवांवर दया करा, हा विधी मोठा. सव्वाबावीसशे वर्षे होऊन गेली. स्टेशनबाहेरच्या रिक्षांना लिंबू-मिरच्या अजून टांगलेल्या आहेत.

स्तूपाला आज सरकारी संरक्षण आहे. पाटी आहे. बुद्धपौर्णिमेला माणसे जमतात, दिवे लागतात. पण सभोवती दाटीने राहायला आलेल्या हजारो घरांत, कुठून कुठून आलेल्या मुलांना हे टेकाड कोणाचे ते कोण सांगणार? पाटी फक्त कायदा सांगते. विटेला हात का लावायचा नाही, ते गोष्टच सांगू शकते. पाटीवरचा रंग दहा पावसाळ्यांत उडतो. बुरूड राजाने, कधी नव्हताच तरी, शतकानुशतके तिथे मुक्कामाला राहून पहारा दिला. त्याची जागा घ्यायला नवा पहारेकरी नेमायचा, तर आधी कोणीतरी त्याची गोष्ट एखाद्या पोराला सांगायला हवी. पगार काही द्यावा लागत नाही.