गंधर्वभक्तीचा जमाखर्च

नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांना लहानपणीच्या गायनावरून ‘बालगंधर्व’ हे नाव लोकमान्य टिळकांनी दिले असे परंपरेने मानले जाते, आणि पुढे मराठी प्रेक्षकांनी या नटावर जे प्रेम केले ते गुणग्राहकतेपेक्षा भक्तीच्या अधिक जवळचे होते. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले, १९१३ साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्या भागीदारीत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि त्यानंतरची सुमारे दोन दशके ‘स्त्रीपार्टी’ नट, म्हणजे स्त्रीभूमिका करणारा पुरुष नट, या नात्याने त्यांची सद्दी चालली. या भक्तीचा उलगडा केवळ त्यांच्या गळ्याने होत नाही. प्रतिष्ठित घरातील स्त्रीने रंगभूमीवर येणे ज्या काळी अशक्यप्राय होते, त्या काळी भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू या त्यांनी रंगवलेल्या नायिकांच्या रूपाने मध्यमवर्गाला आपल्या मनातील कुलीन स्त्री प्रथमच डोळे भरून पाहता आली. प्रेक्षागृहातील स्त्रिया त्यांचे लुगडे नेसण्याचे आणि केशरचनेचे अनुकरण करू लागल्या. ज्याच्या ठायी समाजाने आपल्या शालीनतेची प्रतिमा ठेवली, त्याचे दोष मान्य करणे म्हणजे त्या प्रतिमेलाच तडा जाऊ देणे होते.

दोष तर उघड होते. व्यवहाराकडे नारायणरावांचे लक्ष नसे. उंची शालू, अत्तरे, पंक्ती आणि नेपथ्य यांवर कंपनीचा पैसा सढळपणे जाई, आणि १९२० साली रंगभूमीवर आलेल्या नाटककार खाडिलकरांच्या ‘द्रौपदी’ नाटकासाठी उभारलेल्या मयसभेच्या खर्चिक देखाव्याने तर डोईजड कर्जात भरच घातली. बोडसांसारखा शिस्तीचा भागीदार दूर झाल्यावर लगाम घालणारे कोणी उरले नाही. तथापि रसिकांच्या बोलण्यात ही उधळपट्टी ‘राजेशाही वृत्ती’ ठरली, आणि ‘वन्स मोअर’च्या हट्टापायी एकेक पद लांबत जाऊन नाटकाची गती मोडे, तेही कलावंताच्या औदार्याचे लक्षण मानले गेले. येथे रसिक हे केवळ क्षमाशील नव्हते, ते वाटेकरी होते: ज्या अतिरेकासाठी नटाला पुढे बोल लागला असता, तो अतिरेक त्यांनीच तिकीट काढून मागितला होता. ‘रसिक मायबाप’ या संबोधनाने नारायणरावही हे नाते पक्के करीत.

या दैवतीकरणाची सर्वांत बोलकी आख्यायिका १९११ सालच्या ‘मानापमान’ नाटकाच्या पहिल्या प्रयोगाची आहे. त्याच दिवशी त्यांच्या लहान मुलीचा मृत्यू झाला, आणि तरीही त्यांनी भामिनीची भूमिका पार पाडली. पिढ्यान्‌पिढ्या ही हकिकत कर्तव्यनिष्ठेचा कळस म्हणून सांगितली जाते, परंतु त्या संध्याकाळी घरी राहिलेल्या पत्नी लक्ष्मीबाई या कथनात जवळजवळ येतच नाहीत. त्यांचा संसार हा नटाच्या थोरवीसाठी मोजलेला दाम होता, आणि तो मोजणाऱ्या व्यक्तीचे नाव चरित्राच्या कडेला राहिले, ही बाब चरित्रकारांना फारशी खटकलेली दिसत नाही.

१९३०च्या दशकात काळ बदलला. १९३२ साली प्रभात या चित्रपटसंस्थेचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला, त्यात राणीची भूमिका दुर्गा खोटे यांनी केली. १९३३ साली नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रिया स्त्रीभूमिकांत उभ्या राहिल्या. नारायणरावांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या बोलपटात संत एकनाथांची भूमिका केली, पण कॅमेऱ्यासमोरचे तुटक काम त्यांना मानवले नाही, आणि ज्या प्रेक्षकांना त्यांची रुक्मिणी हवी होती त्यांना त्यांचा पुरुषवेष रुचला नाही. मग साठी उलटल्यावरही त्यांनी स्त्रीवेष चढवला, आणि निष्ठावंतांनी डोळे मिटून ऐकले.

कर्ज, वय, आवाजाची उतरण, सारे पोटात घालणाऱ्या या भक्तीला एकच गोष्ट पचली नाही, ती म्हणजे गोहरबाई कर्नाटकी यांचे मंडळीत येणे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या गायिका मुसलमान होत्या आणि गाणे हा त्यांचा व्यवसाय होता. लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर काही वर्षांनी, १९५१ साली, नारायणरावांनी त्यांच्याशी विवाह केला. कंपनीची वाताहत त्यांच्यामुळे झाली असा समज रूढ झाला, वस्तुतः कर्जाचे मूळ त्या येण्याच्या कितीतरी आधीचे होते. हा समज सोयीचा होता, कारण मूर्ती निष्कलंक ठेवायची तर डाग दुसऱ्या कोणाच्या अंगावर दाखवावा लागतो, आणि त्यासाठी परधर्मीय व गाण्यावर जगणारी स्त्री आयती सापडली. कुलीन स्त्रीचा आभास देणारा पुरुष ज्या समाजाने डोक्यावर घेतला, त्याला त्याच नटाच्या शेजारची खरीखुरी स्त्री मात्र सोसवली नाही.

गोहरबाईंनी गंधर्व गायकी, म्हणजे नारायणरावांची पदे खुलवण्याची खास रीत, प्रथम ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून आत्मसात केली होती, आणि ती इतकी हुबेहूब की नारायणरावांचा गळा थकल्यावर जुन्या चाहत्यांना हवे असलेले गाणे त्यांच्याच गळ्यातून ऐकू येई. १९६४ साली त्या वारल्या, आणि त्याच वर्षी नारायणरावांना पद्मभूषण मिळाले.