गर्भाशयमुखाचा कर्करोग : साधनं कमी असताना रेडिएशन कसं ठरवतात?

पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणं, अंगावरून घाण वासाचं पाणी जाणं, अशी तक्रार आपल्याकडे अम्मी किंवा खाला शरमेपोटी महिनोन्‌महिने कुणाला सांगत नाहीत. दवाखान्यात पोहोचेपर्यंत आजार पसरतो. मग ऑपरेशनऐवजी रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला 'शेक' म्हणतो, तोच मुख्य इलाज असतो.

तरीही उमेद सोडायचं कारण नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बऱ्याच पुढच्या टप्प्यातल्या ८५० स्त्रिया होत्या. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी ४६ टक्के पाच वर्षांनी हयात होत्या. सोबत सिस्प्लाटिन हे औषध दिलेल्यांमध्ये हे प्रमाण ५४ टक्के होतं.

बाहेरून शेक : आठवड्यातून पाच दिवस, साधारण पाच आठवडे. सीटी स्कॅनवर आखणी करणं चांगलं. ती सोय नसेल तर एक्स-रेवर कमरेच्या हाडांच्या खुणा धरून चारही बाजूंनी किरण देतात. महाग मशीन नसेल तिथे कोबाल्टचं मशीन चालतं. 'भाभाट्रॉन' हे असं मशीन भारतातच तयार झालं. कोबाल्टची ताकद सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते. त्यामुळे स्रोत जुना झाला की तेवढाच डोस द्यायला जास्त वेळ लागतो.

आतून शेक, म्हणजे ब्रॅकिथेरपी : नळ्या आत बसवून किरणांचा स्रोत गाठीजवळ नेतात. एमआरआय पाहून आखणी केली तर उत्तमच. नाही तर समोरून आणि बाजूने, असे दोन एक्स-रे काढतात. १९३८ साली मँचेस्टरमध्ये ठरलेल्या 'पॉइंट ए' या खुणेवर डोस मोजतात. लघवीच्या पिशवीला आणि गुदाशयाला किती डोस जातो, तेही तपासतात. इरिडियमचा स्रोत दर काही महिन्यांनी बदलावा लागतो, कोबाल्टचा काही वर्षं चालतो. लहान केंद्राला तो परवडतो.

सर्वांत मोठी चूक : बाहेरचा शेक झाला की रक्त थांबतं, बाईला बरं वाटतं आणि घरचे तिला परत घेऊन येतात. पण आतला शेक राहिला तर आजार उलटण्याचा धोका खूप वाढतो. दोन्ही मिळून इलाज आठ आठवड्यांच्या आत संपायला हवा.

म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात : आतल्या शेकाची सोय इथे आहे का? नसेल तर कुठे जायचं, आणि तारीख आजच मिळेल का? हिमोग्लोबिन किती आहे? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मंजुरी कशी मिळवायची? राहण्याची आणि येण्याजाण्याची तजवीज घरच्यांनी आधीच करावी.

इलाज रमजानमध्ये आला तर तो पुढे ढकलू नये. आजारी माणसाला रोजा न ठेवण्याची सवलत दीननेच दिली आहे. कजा किंवा फिदयाबद्दल आलिमांना विचारता येईल. आम्ही सर्व घरांना एवढंच सांगू : आईला दवाखान्यात नेलंत, आता इलाज पुरा करूनच घरी आणा. शिफा देणारा अल्लाह आहे, कोशिश मात्र आपणच करायची आहे.