परदेशी शिकवायला जाताना : बँक खाते आणि घरखर्च

नोकरीसाठी परदेशी गेलेले शिक्षक-शिक्षिका ‘फेमा’ कायद्यानुसार (१९९९) अनिवासी ठरतात. त्यामुळे गोंदियाच्या बँकेतील साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यावे लागते.

एनआरओ खाते : धानाची विक्री, घरभाडे असे इथले उत्पन्न यात जमा होते. व्याजावर कर लागतो आणि बँक तो आधीच कापते.

एनआरई खाते : परदेशातील पगार यात पाठवावा. व्याजावर भारतात कर नाही. रक्कम पुन्हा परदेशी नेता येते.

गावागावांत काम करताना आम्हाला खरी अडचण घरी दिसते. खात्यात पगार जमा असतो, पण आईला तो काढता येत नाही. ओटीपी मुलाच्या बंद सिमवर जातो. मग कार्ड आणि पिन परक्याच्या हाती पडतात.

म्हणून निघण्यापूर्वीच :
- घरच्या विश्वासू व्यक्तीच्या नावे बँकेत मुखत्यारपत्र द्यावे.
- नॉमिनी नोंदवावा.
- बँकेशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू ठेवावा.
- घरखर्च थेट आईच्या खात्यात पाठवावा. मुलाने-मुलीने दिलेल्या या रकमेवर तिला प्राप्तिकर लागत नाही.

आईचे खाते नसेल, तर आधी ते उघडावे.