दिवाळखोरी, मोटारीचा हप्ता आणि पतनोंद : अमेरिकेतील वाटचाल

१८३७ मध्ये अमेरिकेत बँका आणि पेढ्या धडाधड बसल्या व असंख्य व्यापारी कर्जात रुतले. या पडझडीतून चार वर्षांनी, १८४१ मध्ये, दोन गोष्टी जन्माला आल्या. काँग्रेसच्या नव्या कायद्याने ऋणकोला स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज करून देण्यांतून सुटण्याची वाट प्रथमच मोकळी झाली. त्याच वर्षी लुईस टॅपन या रेशमाच्या व्यापाऱ्याने न्यूयॉर्कमध्ये ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली. मंदीत त्याची स्वतःची पेढीही अडकली होती. ठिकठिकाणचे वकील एजन्सीला खबर पुरवत : अमका देणे वेळेवर देतो का, पितो का, मालमत्ता बायकोच्या नावावर तर नाही ना. हे सारे जाडजूड वह्यांत उतरे आणि वर्गणीदारांना वाचायला मिळे. कायदा १८४३ मध्ये रद्द झाला; वह्या वाढतच गेल्या.

टिकाऊ कायदा व्हायला १८९८ उजाडले. तत्पूर्वी १८८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गहाणखताच्या खटल्यात दिलेला निर्णय मात्र पुढे मोटारीलाही लागू पडला : दिवाळखोरीने ऋणकोची वैयक्तिक जबाबदारी संपते, तारणावरचा धनकोचा हक्क संपत नाही.

मोटार मोठ्या प्रमाणावर हप्त्यांवर आली ती १९१९ मध्ये जनरल मोटर्सने वित्तकंपनी काढल्यावर. हेन्री फोर्डला उधारीचे वावडे होते. त्याच्या कंपनीच्या १९२३ च्या योजनेत ग्राहकाने आठवड्याला पैसे साठवायचे आणि पूर्ण रक्कम जमल्यावरच गाडी न्यायची. योजना फसली, यात नवल नाही. शेजाऱ्याच्या दारात गाडी उभी असताना कोण थांबणार? १९२८ मध्ये फोर्डनेही कर्जे देणारी कंपनी उभारली. हप्ता चुकला, तर दंगाधोपा न करता गाडी उचलून नेण्याचा धनकोचा हक्क मान्य होता. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नसे, आणि आजही बहुतेक राज्यांत लागत नाही.

महामंदीच्या काळात अलाबामातील बर्मिंगहॅम येथे पगारदारांची देणी हप्त्याहप्त्याने फेडून घेण्याचा प्रयोग झाला. १९३८ मध्ये तो ‘प्रकरण १३’ म्हणून कायद्यात आला. १९७८ च्या दिवाळखोरी संहितेने त्यात मोटारधारकाला मोठी सवलत दिली. गाडीची किंमत ६ हजार डॉलर आणि कर्ज १० हजार असेल, तर तारणी कर्ज ६ हजारच धरायचे. उरलेले ४ हजार बिनतारणी देण्यांच्या रांगेत जात आणि त्यातले थोडेच वसूल होई. मोटारकर्ज देणाऱ्यांना हे खुपत होते. २००५ च्या दुरुस्तीने अर्जाआधीच्या ९१० दिवसांत स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या गाडीपुरती ही सवलत काढून घेतली. हप्त्यांऐवजी मालमत्ता विकून देण्यांतून थेट सुटका देणाऱ्या ‘प्रकरण ७’ मधील ऋणकोपुढे मुख्यतः तीन वाटा राहिल्या : गाडी परत करणे, तिची चालू किंमत एकरकमी भरून ती सोडवणे किंवा कर्ज नव्याने मान्य करणे.

ग्राहकांच्या पतनोंदी दरम्यान वेगळ्या घरात वाढल्या. १८९९ मध्ये अटलांटात सुरू झालेली ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ १९७५ मध्ये ‘इक्विफॅक्स’ झाली. कोणाच्याही खाजगी आयुष्यात डोकावणाऱ्या या नोंदींना १९७० च्या कायद्याने प्रथम लगाम घातला. दिवाळखोरी १४ वर्षांपर्यंत अहवालात दाखवता येई. १९७८ मध्ये ही मुदत १० वर्षांवर आली. प्रकरण १३ ची नोंद पतनोंदी ठेवणाऱ्या संस्था प्रथेने ७ वर्षांनीच काढतात. मोठ्या रकमेच्या कर्जासाठी मागवलेल्या अहवालाला मात्र ही कालमर्यादा लागू नाही. मोटारकर्ज नव्याने मान्य केले, तर पुढचे हप्ते अहवालात ऋणकोच्या बाजूने दिसू शकतात. मान्य न करता नुसते भरत राहिल्यास अनेक धनको ते कळवतच नाहीत.

२००५ च्या दुरुस्तीचा एक परिणाम विचित्र आहे. प्रकरण ७ खालील दोन सुटकांमधील अंतर ६ वरून ८ वर्षे झाले. त्यामुळे नुकताच मोकळा झालेला माणूस इतक्यात पुन्हा त्या वाटेने सुटणार नाही, हे धनको जाणून असतो. पतनोंदीवर दिवाळखोरीचा शिक्का ताजा असतानाच अशांच्या टपालात मोटारकर्जाची पत्रके येऊन पडतात, अर्थात चढ्या व्याजाची.