इंदूर आणि उजेडाची किंमत

लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरला आले ते सार्वजनिक बांधकाम खात्यात अंदाजपत्रकं आणि नकाशे करायला. कॅमेरा त्यांनी हाती घेतला १८७४ च्या सुमारास. दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य भारताचे ब्रिटिश एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना हात दिला. पुढे डेलींनंतरचे एजंट लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर फिरून त्यांनी टिपलेल्या मध्य भारतातल्या वास्तू १८८६ मध्ये ग्रंथरूपाने आल्या. नंतर निजामाच्या दरबारी जाऊन ते राजा मुसव्विर जंग झाले, पण घडले ते इंदूरला. त्या पिढीच्या छायाचित्रांत किल्ले आणि मंदिरं भर उन्हात उभी असतात आणि माणसं ताठ बसलेली असतात. त्याला दरबारी रीत जितकी कारण, तितकीच काचेची मंद प्लेट. उजेड भरपूर हवा, नाहीतर समोरच्याने हलायचं नाही. लेन्सच्या इतिहासाकडे मी या अडचणीच्या बाजूने बघतो, आणि आज डिजिटल रेंजफाइंडरसाठी परवडणारी फास्ट, म्हणजे जास्त उजेड घेणारी, लेन्स शोधणाऱ्यानेही तसंच बघावं. मोठं अ‍ॅपर्चर हा मंद प्लेटवरचा आणि मंद फिल्मवरचा उपाय होता. ती अडचण आता जवळजवळ उरलेली नाही, तरी त्या उपायाची किंमत मात्र चढीच राहिली आहे.

व्हिएन्नात जोसेफ पेट्झवालने १८४० मध्ये व्यक्तिचित्रांसाठी लेन्स आखली, ती फोइग्टलेंडरने बनवली. तिचं अ‍ॅपर्चर एफ/३.६ च्या आसपास होतं. त्याआधीच्या लेन्स एफ/१५ सारख्या अंधाऱ्या असत, म्हणजे उजेड एका उडीत सतरा-अठरा पट वाढला. १९२५ च्या लायका कॅमेऱ्याला मिळालेली ५० मिलिमीटरची लेन्स एफ/३.५ होती. १९३२ मध्ये लायकात रेंजफाइंडर आला, त्याच वर्षी झाइसचा काँटॅक्स आला आणि त्याच्यासाठी लुडविग बेर्टेलेने आखलेली एफ/१.५ ची सोनार. त्या दशकात एवढ्या उघड्या लेन्सची खरोखर गरज होती, कारण कोडाक्रोम फिल्मची संवेदनशीलता आजच्या मापात दहाच्या आसपास होती. आता हिशेब करून पाहा. एफ/३.५ पासून लायकाच्याच १९७६ च्या एफ/१ नॉक्टिलक्सपर्यंत लेन्सने उजेड बारा पटींनी वाढवला. आयएसओ १० पासून १६०० पर्यंतची वाढ एकशे साठ पटींची आहे, आणि आजचा सेन्सर १६०० वर सहज काम करतो. अंधारावर मात केली ती मुख्यतः फिल्मने आणि सेन्सरने. लेन्सच्या शेवटच्या अर्ध्या पायरीसाठी लाखो रुपये मोजणारा माणूस उजेडासाठी पैसे देतोय असं मला वाटत नाही.

स्वस्त म्हणजे दुय्यम, ही शंका जुनी आहे आणि तिचं उत्तरही जुनं आहे. १९५० मध्ये छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकनने जपानी निक्कोर लेन्स लायकावर लावून कोरियातलं युद्ध टिपलं, तेव्हा पाश्चात्त्य संपादकांनी जपानी काच पहिल्यांदा गंभीरपणे घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी सोनारचीच रचना ज्युपिटर नावाने काढली. कॅननच्या स्क्रू माउंटच्या ५० मिलिमीटर लेन्स आजही अ‍ॅडॅप्टर लावून लायकाच्या एम बॅयोनेटवर बसतात आणि रेंजफाइंडरशी जुळूनच चालतात. फोइग्टलेंडर हे पेट्झवालच्या काळचं नाव १९९९ पासून जपानची कोसिना कंपनी वापरते. याच कोसिनाच्या साथीने २००४ मध्ये एप्सनने आर-डी१ हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर आणला. ज्यांना नवी, फास्ट आणि तरीही आवाक्यातली लेन्स हवी, त्यांच्यासाठी नॉक्टॉन मालिका याच घरातली.

यावर इंदूरकर विचारेल, मग सराफ्याचं काय? सोन्याचांदीची दुकानं मिटली की तिथे भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलब्यांच्या गाड्या लागतात, अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या रात्रभर निघतात, आणि तिथली माणसं दीनदयाळांच्या दरबाऱ्यांसारखी थांबत नाहीत. आक्षेप रास्त आहे. पण गाडीवरच्या बल्बच्या उजेडात आयएसओ १६०० आणि एफ/२ वर सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग सहसा मिळतो, आणि तळणाऱ्याचा हात टिपायला तो बहुधा पुरतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: एफ/१.१ ची लेन्स मागचं दृश्य जसं विरघळवते तसं एफ/२ ची विरघळवत नाही. खरं आहे. मात्र एक मीटरवर ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/२ वर सुमारे पाच सेंटिमीटर खोली स्पष्ट मिळते, एफ/१.१ वर जेमतेम अडीच. रेंजफाइंडरचा फोकस कॅम आणि आरशांच्या यांत्रिक जुळणीवर चालतो, लेन्समधून दिसणाऱ्या चित्रावर नाही. त्या अडीच सेंटिमीटरांत नाक सापडतं आणि डोळा निसटतो. सोनार घराण्याच्या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बंद करताना फोकसही सरकतो. फिल्मवर हे खपून जाई. सेन्सरवरचं चित्र पडद्यावर मोठं करून पाहताना खपत नाही. सोव्हिएत ज्युपिटरची तर मापंच लायकाच्या मापांशी नेमकी जुळत नाहीत, म्हणून ती कितीही स्वस्त असली तरी जुळवून घेतलेली असल्याशिवाय मी सुचवणार नाही.

‘स्टँडर्ड’ कशाला म्हणायचं हेही सेन्सर ठरवतो. आर-डी१ वर ३५ मिलिमीटरची लेन्स ५० सारखी दिसते. २००६ च्या लायका एम८ वर ५० ची जवळजवळ ६७ होते, म्हणून तिथे ३५ किंवा ४० घ्यावी. २००९ च्या एम९ पासून पूर्ण आकाराचा सेन्सर आला, तिथे ५० ती ५०. एम८ आणि एम९ यांचा सेन्सर आठशेच्या पुढे दाणेदार होतो, तेव्हा त्या मालकांनी एफ/१.४ किंवा १.५ ची नॉक्टॉन घेणं योग्य. त्यानंतरच्या कॅमेऱ्यांना एफ/२ किंवा जुनी कॅनन एफ/१.८ पुरेशी आहे. लेन्स जुनी असो वा नवी, पैसे देण्याआधी ती आपल्याच कॅमेऱ्यावर लावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून एक मीटरवरचा चेहरा टिपा, मग दोन पायऱ्या बंद करून पुन्हा टिपा. दोन्ही चित्रांत डोळा स्पष्ट नसेल तर ती लेन्स घेऊ नका.