सोमवारची मूक रात्र

काम बंद ठेवल्याच्या पुष्कळ कथा मी सांगत आलो. आजची जरा निराळी आहे.

अमेरिकेत पिट्सबर्गचे केडीकेए हे नभोवाणी केंद्र २ नोव्हेंबर १९२० रोजी बोलू लागले आणि लवकरच दूरदूरची केंद्रे शोधण्याचा छंद घरोघर पसरला. कानाला हेडफोन लावून रात्र जागवायची, केंद्राचे नाव ऐकू आले की वहीत टिपायचे. दिवसा वातावरणातील एक खालचा विद्युत्‌भारित थर मध्यम लहरी शोषून घेतो; रात्री तो विरतो, आणि वरच्या थरावरून परतलेल्या लहरी शेकडो मैल जातात.

परंतु शिकागोत अडचण अशी की, गावातल्याच केंद्रांच्या गलबल्यात दूरचा क्षीण आवाज बुडून जाई. तेव्हा तेथील केंद्रांनी सोमवारी रात्री ध्वनिक्षेपण बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. हा बंद मालकांनी पाळला, तोही ऐकणाऱ्यांसाठी! पुढे जाहिरातींचा पैसा आला, रात्रीच्या तासाला भाव आला आणि १९२७ च्या सुमारास ही प्रथा मोडली.

माझी हयात सभांतून मोठ्याने बोलण्यात गेली. दूरच्या क्षीण आवाजासाठी आपण गप्प राहणे हेही एकजुटीचेच काम आहे, हे मला त्या सोमवारांनी शिकवले.