शिक्षा कोणाला झाली?

एखादा भयंकर गुन्हा घडला, की आपल्याकडे दोन मागण्या लगेच ऐकू येतात. कोणी म्हणतो, शिवरायांच्या काळासारखा चौरंग करा. कोणी म्हणतो, शरियतप्रमाणे हातपाय तोडा. एरवी ज्यांना शरियत हा शब्दही खपत नाही, त्यांनाही त्या दिवशी तिची आठवण होते. दोन्ही मागण्यांमागे एकच समजूत आहे: पूर्वीचा न्याय झटपट होता, कडक होता आणि सर्वांना सारखा होता. ही समजूत तपासायला फार लांब जायला नको. तळेगाव दाभाडे पुरेसे आहे.

आधी चौरंगाचे पाहू. १६४० च्या दशकात रांझे गावचा पाटील बाबाजी गुजर याने बदअमल केला. शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडवले. पण पत्र नीट वाचले तर दिसते, की बाबाजीला हुजूर आणवले, चौकशी झाली, गुन्हा खरा ठरला आणि मग शिक्षा झाली. त्याची पाटीलकीही गेली. ती त्याच्याच भाऊबंदांपैकी सोनाजीला मिळाली, कारण त्याने पांगळ्या बाबाजीला सांभाळायची तयारी दाखवली. या पत्राचे महत्त्व नुसत्या तलवारीत नाही. गावात ज्याच्यापुढे कोणी बोलू शकत नव्हते, असा वतनदार पाटील इथे शिक्षेला पात्र ठरला, हे महत्त्वाचे.

असे नेहमी घडत नसे. त्या काळी तंटा गोतसभेपुढे किंवा मजलिशीपुढे जाई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आणि शेटे बसत, अनेक ठिकाणी काझीही बसे. निवाड्याचा महजर लिहिला जाई आणि त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या होत. नांगर, तराजू, कट्यार अशा निशाण्या एकाच कागदावर सापडतात. फिर्याद, गुन्हा, कैद, जामीन, वकील हे शब्द तेव्हापासून मराठीचेच आहेत. ही व्यवस्था केवळ हिंदू नव्हती आणि केवळ इस्लामीही नव्हती, ती दख्खनी होती. तिचे गुण होते, तसे दोषही होते. ब्राह्मणाला आणि बाईला सहसा देहदंड नसे. पुष्कळ गुन्हे दंडावर मिटत. या दंडालाच 'गुन्हेगारी' म्हणत आणि ती सरकारच्या उत्पन्नाची एक बाब होती. दरोडेखोर गरीब असेल तर हात किंवा पाय तुटे, फाशीही होई. ऐपत असेल तर माणूस पैसे भरून सुटू शके.

आता तळेगावाकडे येऊ. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मारेकरी गारदी होते. 'गारदी' म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मुसलमानच येतो. त्यांच्या म्होरक्यांची नावे पाहा: सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद युसूफ. सोबत खाजगीतला नोकर तुळाजी पवार. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि बोट थेट नव्या पेशव्यांकडे, म्हणजे नारायणरावांचे चुलते राघोबादादांकडे दाखवले. याला देहान्त प्रायश्चित्तच आहे, असे शास्त्रीबुवांनी तोंडावर सांगितल्याचे बखरी सांगतात. न्यायाधीशाने गादीवरच्या माणसाला दोषी ठरवावे, ही त्या काळातली फार मोठी गोष्ट.

पण पुढे काय झाले? महंमद युसूफ, खरकसिंग आणि तुळाजी यांना पकडून ठार करण्यात आले. सुमेरसिंग त्याआधीच पाटण्याकडे मेला. राघोबादादा मात्र इंग्रजांकडे गेले. त्यांना पेशव्यांच्या गादीवर बसवण्यासाठी कंपनीची फौज मुंबईहून निघाली आणि बोरघाट चढून जानेवारी १७७९ मध्ये तळेगावला पोहोचली. शत्रूला दाणावैरण मिळू नये म्हणून मराठ्यांनी गाव मोकळे करून जाळले होते. अन्नावाचून अडलेल्या इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि रात्रीच माघार घेतली. वडगावला ते पुरते वेढले गेले आणि त्यांना तह करावा लागला. हा विजय आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावाही.

पण त्यातला न्यायाचा हिशेब कोणी मांडत नाही. वडगावला राघोबादादा महादजी शिंद्यांच्या हाती आले. त्यांना जहागीर देऊन बुंदेलखंडाकडे पाठवायचे ठरले. वाटेत निसटून ते पुन्हा इंग्रजांकडे गेले. १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यांना महिना २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. पुढच्याच वर्षी ते कोपरगावी वारले, आपल्या अंथरुणात.

खुनाचा हुकूम पाळणारे मेले. ज्याला न्यायाधीशाने दोषी ठरवले, त्याला नेमणूक मिळाली. आणि त्याच्यापायी घरेदारे जळाली ती तळेगावच्या लोकांची, ज्यांचा काहीच गुन्हा नव्हता.

शरियतच्या नावाने हात तोडायला निघालेल्यांनीही एक हदीस आठवावी. एका प्रतिष्ठित घराण्यातल्या बाईने चोरी केली आणि तिच्यासाठी रदबदली झाली. तेव्हा प्रेषितांनी (स.) बजावले, की पूर्वीच्या कौमी यामुळेच बुडाल्या: मोठ्याला सोडत आणि दुबळ्याला शिक्षा करीत. माझ्या मुलीने चोरी केली तरी तिलाही तीच शिक्षा होईल, असेही ते म्हणाले. या हदीसचा सगळा जोर समानतेवर आहे. आपण तेवढी तलवार उचलतो आणि समानता विसरतो.

शिक्षा किती कडक असावी यावर आपण तावातावाने भांडतो. ती कोणाला होते, हे विचारत नाही. आज जामिनावाचून वर्षानुवर्षे तुरुंगात खितपत कोण पडतो आणि कोण सुटतो, हे पाहिले की अठरावे शतक फार मागे गेलेले वाटत नाही. संविधानाने दिलेली कायद्यापुढची समानता ही त्या शतकाकडे नव्हती. ती आपल्याकडे आहे. झटपट न्यायाच्या नादात तीच आधी हातची जाईल, आणि तेव्हा घर तळेगावकरांचेच जळेल.